खुर्च्यांचं विमान

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमचे हे म्हणतात, आणि ते खरंच आहे. शेजारच्या वहिनींनी गुपचूप केस रंगवले तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं, माझ्याकडून. स्वतःचं वजनसुद्धा मी चारचौघींत हसत सांगते. पण एक गोष्ट आहे, ती सात वर्षं पोटात आहे आणि ओठांपर्यंत कधी आलेली नाही. यांना सांगितली नाही, पुण्याच्या लेकीला नाही, देवापुढे उभी राहिले तेव्हा मनातल्या मनातही नाही. आज तुम्हाला सांगणार आहे. तुम्हालाच का? कोण जाणे. तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल.

सांगते. पण माझ्या पद्धतीनं सांगू द्या, म्हणजे आधी थोडं हसवून. मला दुसरी पद्धत येत नाही.

मी भिंगारची. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून. कॅम्पातल्या साहेबांच्या बायका बाजारात यायच्या तेव्हा मी त्यांच्या मागं मागं चालायचे, त्यांच्यासारखी मान धरून, 'थँक यू सो मच' असं पुटपुटत. भाजीवाल्या मावश्या पोट धरून हसायच्या. मोठी झाले तसा गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचा माईक आपोआप माझ्या हातात यायला लागला. स्नेहसंमेलन, हळदीकुंकू, साखरपुडा, निरोप समारंभ. एकदा तर एका तेराव्याचं सूत्रसंचालन केलं आणि माणसं ऐकत बसली, जेवायला उठेनात.

अशी मी सरांना सापडले. सरांचा नगरला — आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला जुनी सवय — मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत टायपिंगचा क्लास होता. टायपिंग गेलं, कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर मोबाईलमध्ये जाऊन बसला आणि सर रिकाम्या खोलीत एकटेच बसायला लागले. तेवढ्यात शिर्डीला विमानतळ सुरू झालं. लोकांनी वर बघून हात जोडले. सरांनी वर बघून कोर्स काढला.

तीन महिन्यांत पाटी बदलली. एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ, केबिन क्रू, हॉटेल मॅनेजमेंट. कंपनी रजिस्टर झाली. तिचं नाव सांगत नाही, कारण पाटी अजून आहे, आणि खालच्या ओळीत संचालिका म्हणून मीही आहे. आमच्यात विमानाचं शिक्षण घेतलेली एकच बाई होती, ती पुण्याहून आठवड्यातून दोन दिवस यायची. उरलेले दिवस मी. माझा विषय व्यक्तिमत्त्व विकास. चालणं, बोलणं, हसणं आणि हसताना हिरड्या न दाखवणं. मी तोपर्यंत विमानात एकदाच बसले होते, तेही डोळे मिटून.

पण माझं खरं काम गावोगावी होतं. सर त्याला सेमिनार म्हणायचे. मी खेळ म्हणायचे. मंगल कार्यालय घ्यायचं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला, मधून वाट. झालं विमान! आईबापांना त्यात बसवायचं. कमरेच्या पट्ट्यांसाठी आम्ही जुन्या दप्तरांचे बंद शिवून नेले होते. खिडकीकडच्या खुर्चीसाठी भांडणं व्हायची — शपथेवर सांगते — खिडकीच नसताना! मग मी पडद्याआडून वैमानिकाच्या जाड आवाजात बोलायचे, "आपण आता ढगांच्या वर आहोत. डावीकडे खाली बघा, आपलं मुळा धरण." आणि पंचवीस-तीस माणसं एकदम डावीकडे वाकून कार्यालयाची फरशी बघायची. काय सुख असतं ते, तुम्हाला कसं सांगू?

आणि मग त्या मधल्या वाटेनं गणवेशातली मुलगी चालत यायची. निळा कोट, गळ्यात लाल स्कार्फ, केसांचा घट्ट अंबाडा. कार्यालय गप्प व्हायचं. प्रत्येक आई मनातल्या मनात त्या कोटात आपली पोर घालून बघायची. त्या शांततेतच आमची कंपनी वाढली. नगर, मग शिर्डी, मग संगमनेर, मग सोनई. सरांच्या टेबलामागे जिल्ह्याचा नकाशा होता. नवी शाखा झाली की ते त्यात लाल टाचणी टोचायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

ती गणवेशातली मुलगी म्हणजे शीतल.

आता बघा, इथपर्यंत कशी भराभरा आले! आणि इथं पाय अडखळतो.

शीतल पाथर्डीकडची. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे. ही वसतिगृहात राहून बारावी झालेली. मला ती पहिल्यांदा नीट दिसली तेव्हा वर्गात माझी नक्कल करत होती. माझं केस मागे सारणं, माझं 'नाऊ लिसन, गर्ल्स', माझं पदर सावरून खुर्चीवर टेकणं. पोरी लोळायच्या बाकी होत्या. मी दारात उभी. तिनं मला पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. मी म्हणाले, "मान अजून थोडी वर घे. एवढी वाकून मी चालत नाही." तिनं मान वर घेतली आणि पुन्हा करून दाखवलं. माझ्यापेक्षा बरं केलं. त्या क्षणी मला वाटलं — ही माझी.

असं कुणाबद्दल वाटणं चांगलं की वाईट? तेव्हा मला चांगलंच वाटलं होतं.

माझी लेक नोकरीला पुण्याला गेली होती आणि वरची खोली रिकामी होती. शीतल ज्या नातेवाईकांकडे राहत होती तिथं जागेची अडचण होती, म्हणून मी तिला घरी आणलं. सकाळी ती अंगण झाडता झाडता विमानातल्या सूचना पाठ म्हणायची. आमच्या यांना पोळी वाढताना विचारायची, "सर, व्हेज ऑर नॉन-व्हेज?" ते गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "पिठलं." दोघं हसायचे. आमच्या घरात इतकं हसू लेक गेल्यापासून नव्हतं.

पण तिच्यामागे एक मुदत होती. ती तिनं पहिल्याच आठवड्यात मला सांगितली होती, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर लग्न. त्यांच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकट्या मुलाला टोळीत किंमत नाही, म्हणून हंगाम सुरू होण्याआधी लग्नं उरकतात. शीतलसाठी स्थळ आलेलं होतं. "मॅडम," ती हसत म्हणाली होती, "दिवाळीपातूर म्या विमानात, न्हाईतर फडात. दोनीकडं उभंच राह्याचंय म्हना!"

मी तिला म्हणाले होते, "तू विमानतळावरच उभी राहशील. मी आहे ना."

मी आहे ना. हे शब्द मी किती सहज वापरते, बघा.

त्या पावसाळ्यात आम्ही दोघींनी जिल्हा पालथा घातला. मी माईकवर, ती वाटेवर. मी तिची ओळख करून द्यायचे, "आमची शीतल, शिर्डी विमानतळावर रुजू होते आहे!" पहिल्यांदा हे ऐकल्यावर तिनं परतताना गाडीत स्कार्फ सोडून मांडीवर त्याची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, खोटं कशाला?" मी म्हणाले, "खोटं नाही गं, थोडं आधी सांगतोय इतकंच." तिला पटलं. माझं बोलणं लोकांना पटतं, ते माझं कामच आहे.

सरांनी तिचा फोटो फ्लेक्सवर घातला. निळा कोट, लाल स्कार्फ, ते हसू, आणि वर मोठ्या अक्षरांत 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. फाट्या-फाट्यांवर ती उभी होती, ऊन खात. अजून नोकरी नसलेली.

आता एक छोटी गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर फिरलं. आमच्याकडे मुलींच्या अर्जांवर मुलींचे फोन नंबर नसायचे. कंपनीचा नंबर असायचा. नोकरीचा निरोप आला की तो आमच्याकडून मुलीला जावा, म्हणजे 'आम्ही लावली' असं म्हणता येतं. ही पद्धत सगळ्यांचीच होती, आम्ही काही शोध लावला नव्हता. आणि कंपनीचा तो नंबर माझ्या पर्समधल्या फोनचा होता.

नवरात्र होतं. सोनईच्या शाखेचं उद्घाटन पाचव्या माळेला ठरलेलं, त्याच दिवशी कार्यालयात मोठा खेळ. आसपासच्या गावांतून जीपा भरून माणसं येणार होती. आदल्या दिवशी दुपारी मी भिंगारला घरी होते आणि शीतल माझ्यासमोर, जमिनीवर चादर अंथरून तिच्या लाल स्कार्फला इस्त्री करत होती. फोन वाजला. विमानतळावर माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीतून एक बाई बोलत होत्या. चेक-इन काउंटरसाठी तीन मुली हव्या होत्या, तातडीनं. उद्या सकाळी अकरा वाजता, शिर्डी विमानतळावर मुलाखत. त्यांनी आमच्या अर्जांतली तीन नावं वाचली. पहिलंच नाव शीतलचं.

मी 'हो, हो' म्हणत होते. समोर ती स्कार्फचा कोपरा ओढून धरत होती, जीभ दातांत पकडून.

फोन ठेवला. तिनं वर बघितलं. "कुनाचा फोन हुता, मॅडम?"

आणि मी म्हणाले, "यांचा. भेंडी आणू का म्हणून विचारत होते."

ती हसली. "भेंडीसाठी हो, हो, हो? येवढ्या येळा?"

मीही हसले.

झालं. हाच तो कबुलीजबाब. किती लहान आहे ना? एक भाजीचं नाव. मी सात वर्षं भेंडी आणलेली नाही घरात. यांना वाटतं, मला ती पचत नाही.

संध्याकाळी मी उरलेल्या दोघींना फोन केले. प्रियांकाला आणि दुसऱ्या एकीला. दोघींना नीट समजावलं, काय घाला, काय बोला, लवकर निघा. शीतल तेव्हा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मला फोनवर बोलताना ऐकू येत होता, म्हणून मी गच्चीवर गेले.

तुम्ही म्हणाल, सरांचा दबाव असेल. नव्हता. सरांना त्या फोनबद्दल अजूनही माहीत नाही. कुणी मला काही सांगितलं नव्हतं, कुणी काही मागितलं नव्हतं. उद्या एवढी माणसं येणार आणि त्या वाटेनं शीतल चालत येणार नाही, हे मला बघवलं नसतं. दुसरी मुलगी चालली असती, पण तिच्या येण्यानं ती शांतता पडली नसती. मला ती शांतता हवी होती. आणि मला शीतल हवी होती, सकाळी अंगणात, संध्याकाळी गाडीत, शेजारी. मी स्वतःला म्हणाले, पुढच्या वेळी पहिली तिलाच पाठवू. पुढची वेळ असते का, हे मी एजन्सीला विचारलंसुद्धा नाही.

सोनईचा खेळ आजवरचा सगळ्यात भारी झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. कार्यालय खच्चून भरलं होतं. शीतल जीवरक्षक जाकीट घालून दाखवत होती, त्याला शिट्टी लावलेली असते. पहिल्या रांगेतले एक म्हातारबाबा उठले. "पोरी, विमान पान्यात पडलं तर ह्या शीटीवर कोन येनार?"

शीतल म्हणाली, "बाबा, तुमच्या गावच्या तळ्यात पडलं तर तुमीच या की!"

"येतो, येतो. पर जोरात वाजव, मला ऐकू कमी येतं!"

अख्खं कार्यालय हसलं. मी पडद्याआड हसता हसता घड्याळात पाहिलं. अकराला पाच कमी होते. दोन तासांच्या वाटेवर, खऱ्या विमानतळावर, कुणीतरी तिच्या नावानं हाक मारणार होतं. आणि ती इथं, प्लास्टिकच्या खुर्च्यांमधून, दोन्ही हात लांब करून संकटकाळी बाहेर पडायचे दरवाजे दाखवत होती.

मी माईक तोंडाशी धरला आणि वैमानिकाच्या आवाजात घोषणा केली. आवाज जरासुद्धा कापला नाही. तो कापला असता तर आज मला स्वतःबद्दल थोडं बरं वाटलं असतं.

आठवड्यानं प्रियांका पेढे घेऊन आली. तिची निवड झाली होती. प्रियांका गुणी मुलगी, पण तिचं इंग्रजी शीतलपेक्षा कच्चं, आणि हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. शीतलनं तिला मिठी मारली, पेढा खाल्ला, एक यांच्यासाठी रुमालात बांधून घेतला. सगळ्या गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि टेबलाच्या कडेवर बोट फिरवत विचारलं, "मॅडम, माझं नाव न्हवतं का?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती. तीनपैकी दोन जागा अजून भरल्या नव्हत्या, एजन्सीचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी म्हणाले, "नव्हतं गं." आणि तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं मला? थांबले नाही. पुढे बोलले, "तुझं इंग्रजी अजून थोडं कमी पडतं. खरं ते सांगते. वाईट वाटून घेऊ नको."

"व्हय मॅडम," ती म्हणाली. "ते हायच."

तिच्या इंग्रजीत काही कमी नव्हतं. मी फोन लपवला तो एका दुपारी, एका मोहात. पण हे? हे मी तिच्या डोळ्यांत बघून केलं. तिची नोकरी तर मी घेतलीच होती. त्या दिवशी मी तिच्याकडून तिला स्वतःबद्दल जे वाटत होतं तेही काढून घेतलं. त्या रात्रीपासून तिनं अंगणात सूचना म्हणणं बंद केलं आणि हळू आवाजात स्पेलिंगं पाठ करायला लागली.

दिवाळीत तिचे वडील न्यायला आले. उंच, हडकुळे, डोक्याला टापशी. सोबत टोपलीभर सीताफळं, प्रत्येक फळ कडुलिंबाच्या पाल्यात जपून ठेवलेलं. ते आमच्या बैठकीत सोफ्यावर बसायला तयार होईनात. उंबऱ्याजवळ बसून म्हणाले, "मॅडम, तुमी लई केलं पोरीसाठी. घरात ठिवली, लेकीवानी. आता तिच्याच डोस्क्यात न्हाई बसलं, त्याला तुमी काय करनार?"

शीतल पाठमोरी उभी राहून पिशवी भरत होती. तिनं ते ऐकलं. मी ते ऐकलं. आणि मी म्हणाले, "चहा घ्या."

सीताफळं अतिशय गोड होती. आम्ही ती सगळी खाल्ली.

तुळशीचं लग्न लागलं आणि पहिल्याच तिथीला शीतलचं. मला पत्रिका आली होती. मी गेले नाही, शिर्डीला खेळ होता म्हणून. खेळ होता हे खरं आहे. चार दिवसांनी त्यांची टोळी ट्रकमधून उसाच्या मुलखात निघून गेली.

कंपनी वाढत राहिली. नकाशावर टाचण्या वाढल्या, एक टाचणी तर बीडच्याही बाजूला लागली. गणवेशातली मुलगी दरवर्षी नवी यायची, पण फ्लेक्सवरचा फोटो शीतलचाच राहिला. सर म्हणायचे, हे हसू पुन्हा मिळायचं नाही. त्यात मात्र ते बरोबर होते. मी तो फोटो काढायला सांगू शकले असते. एकदाही सांगितलं नाही. विचारलं असतं, का? मग काय सांगणार होते?

मागच्या हिवाळ्यात मी गाडीनं सोनईच्या शाखेवर चालले होते. वाटेत उसाची ट्रॉली उभी होती, चाक पंक्चर. रस्त्याच्या कडेला बाया बसल्या होत्या, डोक्याला फडकी बांधून, कोयते पायाशी टेकवून. आमची गाडी अंग चोरून पुढं सरकत होती तेवढ्यात हाक आली, "मॅडम! ओ मॅडम!"

ती धावत आली. रापली होती, हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे, एक दात किंचित तुटलेला. पण मान — मान तशीच, मी शिकवलेली. तिनं खिडकीतून आत हात घालून माझे दोन्ही हात धरले. मग नवऱ्याला हाक मारली, "आवो, इकडं या, ह्या माज्या मॅडम!" तो लाजत आला, नमस्कार करून उभा राहिला. शीतलचं थांबेना. "मॅडम, राहुरीच्या नाक्यावर माझा फोटो लावलाय तुमी! मी मालकास्नी दावला. तर म्हनत्यात, ही तू न्हाईच, ही कोनतरी हिरोइन हाय!"

"अजून म्हंतो," नवरा म्हणाला. "त्या फोटुतली भाकरी करपवायची न्हाई."

"बघा, बघा मॅडम, कसं बोलत्यात!"

सगळ्या बाया हसल्या. मीही. इतकं छान हसत होते ते दोघं की मला क्षणभर वाटलं, काही बिघडलं नाही, सगळं बरंच झालं. असं वाटून घ्यायचा मला काय अधिकार होता? त्याच वेळी तिनं कमरेत एक हात दाबून पाठ सरळ केली, अगदी सवयीनं, म्हाताऱ्या बाईसारखी. सव्वीस वर्षांची आहे ती.

तिची मुलगी पाच वर्षांची. आईच्या पदराआडून माझ्याकडे बघत होती. शीतलनं तिला पुढं ओढलं. "दाव मॅडमना." त्या पोरीनं उसाच्या चिपाडांत उभं राहून दोन्ही हात लांब केले आणि घडाघडा म्हणाली, इंग्रजीत, पुढे दोन दरवाजे, मागे दोन दरवाजे. एकही शब्द चुकली नाही.

मी गाडीतून उतरले. तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना उसाचा गोडसर वास होता.

शीतल बाकीच्या बायांकडे वळून सांगत होती, आवाज जरा चढवून, जसा मी माईकवर चढवते. "ह्या मॅडम म्हंजी खरं बोलनाऱ्या. बाकी समदे मला म्हनायचे, लागंल, लागंल. ह्यांनी एकट्यांनी तोंडावर सांगितलं, तुझं इंग्रजी कमी हाय म्हनून. तवाच मी आशा सोडली. न्हाईतर बसले असते झुरत."

मग ती माझ्याकडे वळली. आता आवाज उतरला होता, अंगणातला झाला होता. "मॅडम, हिचं मी आत्तापास्नं पक्कं करून घेती. माझ्यावानी कमी पडाय नको. मोठी झाली की तुमच्याकडंच आनती. घ्याल ना?"

चाक बसलं होतं. ट्रॅक्टरवाला हाका मारत होता. माझ्याकडे तेवढा वेळ होता, एक वाक्य बोलण्याइतका. तिच्या मुलीचा हात माझ्या हातात होता. माझ्याकडे बोलायला शब्द नाहीत असं आयुष्यात कधी झालेलं नाही, तेव्हाही नव्हतं. वाक्य तयार होतं, घशाशी आलेलं — शीतल, तुझं नाव यादीत पहिलं होतं.

मी म्हणाले, "आण. नक्की आण."